सुनंदाचा राग किती वेळ टिकतो

"सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत," डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि माझ्या दिरांनी बसल्या जागी हात जोडले. "म्हणजे काही नाही ना मॅडम?"

"आहे. रक्तात नाही, थायरॉइडमध्ये नाही, मेंदूच्या एमआरआयमध्ये नाही. पण आजार आहे, आणि चांगला मोठा आहे. याला मेजर डिप्रेशन म्हणतात."

हे जिच्याबद्दल चाललं होतं ती माझी धाकटी जाऊ सुनंदा आमच्या दोघांच्या मधल्या खुर्चीत बसली होती. दाराजवळच्या पाण्याच्या जारची तोटी नीट बंद झाली नव्हती, थेंब थेंब पाणी गळत होतं. दुष्काळाचं साल. आमच्या भागात टँकरची वाट बघून डोळे शिणलेले. एरवी सुनंदा ताडकन उठली असती, तोटी आवळली असती आणि बाहेर काउंटरवर बसलेल्या मुलीला चार शब्द सुनावून आली असती. ती नुसती त्या थेंबांकडे बघत राहिली. डॉक्टरांच्या इंग्रजी शब्दानं मला जे कळलं नव्हतं, ते हे बघून कळलं. तोटी मीच उठून आवळली.

ज्यांच्या घरात असं माणूस आहे त्यांच्यासाठी मी हे लिहितेय. मी शाळेत मराठी शिकवलं, औषधपाण्याचं मला काही कळत नाही. तेव्हा इथं वाचून कुणी गोळ्या कमी-जास्त करू नका. डॉक्टरांना विचारा. माझं काम एवढंच, की आमच्या घरात जे झालं ते सांगायचं.

डिप्रेशन म्हणजे नुसती उदासी नाही, हे त्या दिवशी पहिल्यांदा समजलं. उदासीला कारण असतं आणि ती आली तशी जाते. या आजारात झोप, भूक, अंगातली ताकद, विचार करण्याचा वेग, सगळंच मंदावतं आणि तसंच अडकून बसतं. डॉक्टर म्हणाल्या, "त्यांना 'मन खंबीर करा' असं सांगू नका. पाय मोडलेल्याला आपण 'जरा पळून दाखव' म्हणतो का?" भाऊजींनी मान खाली घातली. गाडीत बसल्यापासून त्यांनी तेच सांगितलं होतं.

आता आमचं घर सांगते. तेव्हा शहराच्या पाट्यांवर अजून औरंगाबाद होतं. शहराच्या कडेला सातारा परिसर म्हणून भाग आहे, तिथं आम्ही दोन भावांनी मिळून प्लॉट घेतला, खाली-वर घर बांधलं. आजूबाजूला रोज नवी बिल्डिंग उभी राहत होती आणि नळाची लाइन मात्र कुणाच्याच दारात आली नव्हती. पाणी टँकरचं. वर आम्ही, खाली सुनंदा आणि भाऊजी, पण स्वयंपाक एकाच ठिकाणी, खाली. भाऊजी वाळूजला कंपनीत, आमचे हे सरकारी नोकरीत, मी शाळेत. सुनंदा घरी ब्लाऊज शिवायची आणि गल्लीतल्या सगळ्या बायकांच्या मापांसकट त्यांची गुपितंही तिच्याकडे असायची.

आणि आम्ही दोघी भांडायचो. रोज. माझं माहेर लासूर स्टेशन, तिचं अजिंठ्याकडचं, आणि दोघींच्याही मते स्वयंपाक फक्त आपल्याच माहेरी येतो. पाण्यावरून भांडण, मिठावरून भांडण, येसरावरून तर हमखास. येसर म्हणजे ज्वारी, गहू, डाळ, धने असं सगळं भाजून, दळून करतात तो आमच्याकडचा आमटीचा मसाला. मी खरपूस भाजते. ती म्हणायची, आक्का, तुम्ही करपवता. शेजारच्या बायकांना वाटायचं, यांचं आता वेगळं होणार. वेगळं कसलं, चहा उकळेपर्यंत सुनंदाचा राग उतरलेला असायचा. नाकावर राग आणि जिभेवर साखर, अशी ती बाई.

म्हणून पहिलं लक्षण कुणालाच लक्षण वाटलं नाही. टँकर आला, माझ्याकडून एक ड्रम जास्त भरला गेला, आणि सुनंदा काही बोलली नाही. मी मनात म्हटलं, चला, बाईला अक्कल आली.

मग ब्लाऊज तुंबायला लागले. बायका दारात येऊन जायच्या. तिचं अंग दुखायचं, डोकं दुखायचं, पहाटेच जाग यायची. आम्ही हाडांच्या डॉक्टरकडे गेलो, पोटाच्या डॉक्टरकडे गेलो, एकानं थायरॉइड करायला लावलं, एकानं एमआरआय, आणि शेवटी एकानं या मनाच्या डॉक्टरबाईंकडे पाठवलं. वेटिंग रूममध्ये बसून बसून त्या शहरातल्या सगळ्या दवाखान्यांचे पंखे मला पाठ झाले.

त्याच दिवसांत एकदा सुनंदा पातेल्यात पाणी ओतता ओतता म्हणाली, "मी नसले ना आक्का, तर तुम्हाला पाणी पुरंल." मी म्हटलं, "आणि भांडी कोण घासणार, तुझी सासू?" सासूबाई जाऊन काही वर्षं झाली होती. ती हसली, मी हसले.

असं वाक्य तुमच्या घरात कुणी बोललं, हसत बोललं तरी, त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. आमच्या डॉक्टरांनी त्या दिवशी थेट विचारलं, "मी नसते तर बरं, असं काही बोलल्यात का त्या?" तेव्हा मला ते पातेलं आठवलं. त्यांनी लगेच ॲडमिट करून घेतलं. कारण ही नुसती बोलण्याची पद्धत नसते, आजार बोलत असतो, असं त्यांनी समजावलं. सुनंदाला त्यांनी माझ्यासमोरच सरळ विचारलं, मरावंसं वाटतं का. मला वाटलं, ही काय विचारायची गोष्ट झाली. सुनंदानं 'हो' अशी मान हलवली, आणि कितीतरी दिवसांनी ती रडली. असं विचारल्यानं विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळं होतं, हेही मी तिथंच शिकले.

वॉर्डातले दिवस मी फार सांगत नाही. शेजारच्या खाटेजवळ खुलताबादच्या एक बाई आपल्या मुलीबरोबर राहत होत्या. त्या रोज सुनंदाच्या डोक्याला तेल लावून द्यायच्या. "बेटी, बाल तो बांध ले, बाकी अल्ला देखेगा," म्हणायच्या. सुनंदाला तेल लावलेलं अजिबात आवडत नाही. तिनं नको म्हटलं नाही. मी तेव्हा बाईंचे उपकार मानले आणि मनातून धसकलेही, की ही नको म्हणायलाही विसरली.

अँटिडिप्रेसंट, म्हणजे मेंदूतल्या रसायनांचं बिघडलेलं चालचलन हळूहळू सुधारणाऱ्या गोळ्या, त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. तोवर धीर धरायचा. गुण आला. घरी जायच्या आदल्या दिवशी सुनंदानं माझा हात धरला. "आक्का, मला परत इथं आणू नका."

मी म्हटलं, नाही आणणार. शब्द देऊन बसले.

त्या एका शब्दापायी घरात जे सुरू झालं ते सांगते. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. सुनंदाला त्रास होईल असं काही तिच्या कानावर जाऊ द्यायचं नाही, असं आम्ही ठरवलं. टँकर आला नाही तरी 'येतोय' म्हणायचं. गिऱ्हाइकांना परस्पर परत पाठवायचं. आमटी अळणी झाली तर गपगुमान प्यायची. भाऊजींचा आवाज मुळात मोठा, ते तर घरात चोरासारखे बोलायला लागले. आणि मी, जिचं तोंड शाळेतही बंद होत नसे, तिनं तोंडाला कुलूप लावलं. सुनंदा म्हणेल ते खरं. तिनं येसर कच्चं ठेवलं तरी म्हणायचं, वा, काय वास सुटलाय!

घर कसं शांत झालं. पाहुणे कौतुक करायचे.

पुढच्याच वर्षी आजार उलटला. याला रिलॅप्स म्हणतात. आधी काही म्हणजे काही दिसलं नव्हतं. रोजच्यासारखी पोळ्या करत होती, आणि एका आठवड्यात अशी खाली गेली की भाऊजींना तिला उचलून गाडीत बसवावं लागलं. माझा शब्द तिथंच मोडला. वॉर्डाच्या दारात तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

"अचानक झालं हो," मी डॉक्टरांना पुन्हा पुन्हा सांगत होते.

ती सावरायला लागल्यावर डॉक्टरांनी आम्हा चौघांना एकत्र बोलावलं. 'अचानक' या शब्दाचंच त्यांना कुतूहल होतं. त्या आणि त्यांचे काही सहकारी एका वेगळ्या दिशेनं या आजाराकडे बघत होते. कॉम्प्लेक्सिटी सायन्स, असं त्या शास्त्राचं नाव. ज्यात पुष्कळ गोष्टी एकमेकींवर सतत परिणाम करत असतात, आणि ज्याचं वागणं कुठल्याही एका भागाकडे बघून सांगता येत नाही, अशा सगळ्याचा अभ्यास. हवामान, जंगल, बाजार, आणि त्यांच्या मते, आपला मेंदू आणि मनही.

"मला सांगा, यांच्या आजाराला कारण काय?" त्यांनी विचारलं.

प्रत्येकाकडे उत्तर तयार होतं. भाऊजी म्हणाले मोबाईल. आमचे हे म्हणाले ऊन. तिच्या माहेरचे नजर लागली म्हणत होते तेही मी सांगून टाकलं. मला स्वतःला कामाचा ताण वाटत होता.

डॉक्टरांनी ऐकून घेतलं. "असं बघा. झोप उडाली, म्हणून थकवा आला. थकव्यानं शिवणकाम राहिलं. गिऱ्हाईक बोललं, अपराधी वाटलं. अपराधी वाटलं म्हणून परत झोप उडाली. आता यातला चोर कोण? एकेकटं प्रत्येक साधं आहे. पण एकमेकांना ओढायला लागले की सगळं मिळून एका क्षणी कोसळतं. तुम्हाला तो क्षण दिसतो, म्हणून अचानक वाटतं."

मग त्यांनी आमच्या ह्यांना विचारलं, "घरी बोअर आहे?"

"होता मॅडम. आटला."

"आटायच्या आधी काही कळलं होतं?"

आमचे हे मितभाषी. लग्नात उखाणासुद्धा त्यांनी अर्धाच घेतला होता. पण पाण्याचं विचारलं की मराठवाड्याचा माणूस बोलतो. "पाणी तर रोज सकाळी तेवढंच दिसायचं. पण उपसल्यावर परत भरायला वेळ लागू लागला. आधी चहा पिऊन होईतो भरायचं. मग जेवण झालं तरी भरंना. मग एक दिवस मोटार कोरडीच फिरली."

डॉक्टर खुर्चीत पुढे सरकल्या. त्यांचा चेहरा असा खुलला की जणू पोरानं वर्गात बरोबर उत्तर दिलं. "हेच! याला क्रिटिकल स्लोइंग डाउन म्हणतात. कोसळायच्या आधी पातळी बदलत नाही, परत सावरायचा वेग मंदावतो. यांचं मन रोज कसं आहे, चांगलं की वाईट, हे विचारून मला अर्धंच कळतं. छोटा धक्का बसल्यावर किती वेळात परत येतं, ते कळायला हवं."

त्यांनी लगेच हेही सांगितलं की हे शास्त्र अजून रांगतंय, प्रत्येक माणसात असंच होईल याची खात्री नाही, आणि गोळ्या आहेत तशाच चालू राहतील. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण आमच्यात एखादी नवी गोष्ट कळली की जुनं औषध आधी खिडकीबाहेर जातं.

सुनंदाच्या मनगटावर त्यांनी घड्याळासारखा एक पट्टा बांधला. ॲक्टिग्राफ. झोप आणि हालचाल मोजणारं यंत्र. मोबाईलवर दिवसातून काही वेळा प्रश्न यायचा, आत्ता कसं वाटतंय. मग डॉक्टर म्हणाल्या, "बरं, शेवटचा राग कधी आला होता यांना? आणि किती वेळ टिकला?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. कुणालाच आठवेना. शेवटी मीच म्हटलं, "मॅडम, आम्ही तिला राग येऊच देत नाही."

म्हणताना मला जरा अभिमानच वाटला होता, खोटं कशाला सांगू. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मग मी मोजू काय?"

आणि तेव्हा सुनंदा बोलली. इतका वेळ ती हातातल्या पट्ट्याशी चाळा करत होती. "मॅडम, हे लोक माझ्याशी भांडतसुद्धा नाय. पाहुणीवानी वागवू लागलेत. आक्का तर काय बी केलं तरी वा वा करत्यात. मला वाटलं, समद्यांनी मला सोडून दिलं. माणूस आपलं ऱ्हायलं नाय की त्याच्याशी असंच गोड बोलत्यात."

तिथं माझं रडू आवरलं नाही. भाऊजी खिडकीबाहेर बघायला लागले. वर्षभर आम्ही तिला तळहातावर झेललं आणि तिला वाटत होतं आपण घरातून बाहेर पडलोय.

डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या, "भांडण काही मी औषध म्हणून लिहून देणार नाही. आजारी असताना माणसाला सांभाळावंच लागतं. पण सावरल्यावर तिचं रोजचं जगणं तिला परत द्या. टँकरची काळजी, गिऱ्हाईक, तुमची कटकट, सगळं. त्याच धाग्यांनी ती घराला बांधलेली आहे. आणि त्यातूनच आपल्याला कळेल, ती किती वेळात परत येते."

सोनारानं कान टोचले की दुखत नाही म्हणतात. मला दुखलं. पण टोचले ते बरं झालं.

घरी येऊन मी दुसऱ्याच दिवशी भांडायचा प्रयत्न केला. वांग्याची भाजी अगदी झकास झाली होती. मी घास घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हटलं, "मीठ जास्त झालंय." आवाज असा निघाला की पोरांच्या नाटकात आजीबाईचं काम करणारी पोरगी बरी. सुनंदानं माझ्याकडे टक लावून पाहिलं. "आक्का, डॉक्टरनं सांगितलं म्हणून भांडू नका. तुम्हाला खोटं येत नाय." भाऊजींना ठसका लागला, मग सगळेच हसलो. पण भांडण काही झालं नाही.

ते झालं येसर भाजताना. मी ज्वारी कढईत घातली होती आणि माझ्या लासूरच्या रिवाजानं चांगली तांबूस होऊ देत होते. सुनंदा मागं येऊन उभी राहिली. कढईत डोकावली. मग तिनं सरळ माझ्या हातातलं उलथनं ओढलं. "सरका तिकडं. तुमच्या लासूरला करपवत्यात, आमच्या अजिंठ्याला भाजत्यात!"

मी खरंच चिडले. वर्षभराचं कच्चं येसर पोटात होतं, ते बाहेर पडलं. तिनं माझ्या माहेराचा उद्धार केला, मी तिच्या माहेराचा केला. शेजारीण गच्चीवरून डोकावली. आमचे हे जिन्यात उभे राहून, देवळात उभं राहावं तसे, हात जोडून ऐकत होते. शेवटी सुनंदा पाय आपटत मशीनवर जाऊन बसली. भाऊजी डबा घेऊन गिरणीत गेले, आणि येसर दळून परत येईपर्यंत ती चिमूटभर जिभेवर ठेवायला उठून आली होती. "बरं झालंय," म्हणाली. "थोडं करपलंय, पण बरं झालंय."

पुढच्या भेटीत मी डॉक्टरांना सांगितलं, राग गिरणीतून येईपर्यंत टिकला. त्या खळखळून हसल्या.

तेव्हापासून आम्हाला सवयच लागली. कुणी मुद्दाम टोचायचं नाही, आणि कुणी मुद्दाम गोडही बोलायचं नाही. काही खटकलं की बोलायचं, आणि सुनंदा कधी परत येते त्याकडे एक डोळा ठेवायचा. बहुतेकदा ती चहाच्या आत येई. ब्लाऊज परत शिवायला लागली. गल्लीतली गुपितं परत घरात यायला लागली.

पुढचा उन्हाळा पहिल्यापेक्षा वाईट होता. टँकर कधीही येई, कधी येतच नसे. अशात मी तिच्या लोणच्याची एक बरणी तिला न विचारता शेजारणीला देऊन टाकली. सुनंदा चिडली. बरोबरच होतं तिचं. चहा झाला, राग उतरला नाही. संध्याकाळ झाली, उतरला नाही. दुसऱ्या दिवशी ती हसत होती, बोलत होती, मशीन चालवत होती, मोबाईलवरच्या प्रश्नाला 'ठीक' म्हणून उत्तर देत होती. कुणी म्हणालं नसतं, हिला काही होतंय. पण मध्येच हातातलं काम थांबवून म्हणायची, "बरणी दिली ना तुम्ही." त्याच्या पुढच्या दिवशीही तेच.

मला बोअर आठवला. पण मी तिला कसं सांगू? तुझा राग लांबलाय, चल दवाखान्यात, असं म्हटलं तर ती म्हणेल, मला रागवायचीही चोरी झाली. आणि ते खरंही असलं असतं. साध्या रागालाही आजाराची पाटी लावायची, ही दुसरी चूक आम्हाला करायची नव्हती. मी शाळेत जाऊन आले, जेवले, पण घास गोड लागेना.

दुपारी तीच जिना चढून वर आली. दारात उभी राहिली. घाबरलेली होती.

"आक्का, माझा राग उतरंना. बरणीचा हाय का हो हा राग? बरणीचा एवढा कसा असंल?"

मी चप्पल घातली.

ती त्या दवाखान्याची पायरी स्वतःच्या पायांनी चढली. पण वेटिंग रूममध्ये बसल्यावर तिनं माझ्या पदराचं टोक मुठीत धरलं होतं. "ठेवून घेतलं तर?" मी या वेळी शब्द दिला नाही. म्हटलं, "ठेवून घेतलं तर मी पण राहीन. तिथं पण भांडू."

डॉक्टरांनी पट्ट्यातली नोंद बघितली. तिची झोप तुटायला लागली होती, तिलाही कळलं नव्हतं असं. त्या म्हणाल्या, "आजार अजून आलेला नाही. यायच्या बेतात असावा. तुम्ही वेळेत आलात." गोळीचा डोस वाढवला, झोपायची-उठायची वेळ ठरवून दिली, मोठी कामं थोडे दिवस बाजूला ठेवायला सांगितलं आणि दर आठवड्याला बोलावलं. "ॲडमिट?" सुनंदानं विचारलं. "आत्ता नको. पण तसे विचार आले तर क्षणभरही थांबायचं नाही, आधी आक्कांना सांगायचं, मग मला." सुनंदानं मान हलवली.

पुढचे आठवडे मी कसे काढले ते माझं मला माहीत. भाऊजी कंपनीतून आले की आधी माझ्याकडे बघायचे, मी 'ठीक आहे' अशी नुसती मान हलवायची. ती जेवत होती, झोपत होती. पण एखाद्या गोष्टीनं खट्टू झाली की तशीच राहायची. सावरायची, पण उशिरा. डॉक्टर म्हणायच्या, वाट बघू. वाट बघण्याइतकं अवघड काम जगात नसेल.

मग एका सकाळी टँकर येऊन गेला. मी गोधड्या भिजवल्या होत्या, ड्रममधून बादली बादली घेत गेले आणि भान राहिलं नाही. सुनंदा बाहेर आली, ड्रमचं झाकण उघडून वाकली, आणि तिचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला.

"माझ्या वाटणीचं पाणी कुणी घेतलं?"

मी गोधडी हातात तशीच धरून उभी. याच बाईनं पातेल्यावर वाकून मला काय सांगितलं होतं ते आठवलं, आणि माझे डोळे भरून आले. मी म्हटलं, "घे माय, माझ्यातलं घे. सगळं घे."

"तुमच्यातलं कशाला? मला माझं पायजे!" ती कमरेवर हात ठेवून म्हणाली. "माझ्या वाटणीचं मला लागतंय, मी काय करू? आणि रडायला काय झालं? पाणी मागू लागले, जीव नाय मागत!"

भाऊजी ब्रश तोंडात धरून दारात आले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मग घाईघाईनं आत निघून गेले. त्यांचे खांदे हलत होते.

आमचं शहर आता आणखी पसरलंय, पाटीवरचं नावही बदललंय, आणि पाण्याची बोंब तेवढी आहे तिथंच आहे. सुनंदाच्या गोळ्या चालू आहेत. आजार पुन्हा येणार नाही असं डॉक्टर म्हणत नाहीत, आणि आम्हीही विचारायचं सोडलंय. ज्या बाईनं आम्हाला आमचंच भांडण परत दिलं तिच्यासाठी येसराचा डबा दर वर्षी जातो, अर्धा लासूरचा, अर्धा अजिंठ्याचा. कुठला चांगला ते त्या हुशार बाईनं अजून सांगितलेलं नाही.

पाण्यावरून भांडलो त्या सकाळी चहा ठेवायची पाळी सुनंदाची होती. तिनं धाडकन पातेलं ठेवलं, माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. मी पाटावर बसून तिच्या पाठीकडे बघत होते आणि देवाला म्हणत होते, चहा होईतो उतरू दे. आलं कुटलं, पत्ती टाकली, दूध ओतलं. चहा वर आला तसा तिनं गॅस कमी केला आणि मान न वळवता विचारलं, "आक्का, खारी देऊ का संगं?"

चहात साखर मात्र तिनं माझ्या कपात टाकलीच नव्हती. मी तो तसाच प्याले.